‘घाबरवण्याचा धंदा’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचून लगेच लिहायला बसलो असतो तर भलतंच लिहिलं गेलं असतं, म्हणून दोन दिवस थांबलो. अल्झायमरचा आनुवंशिक धोका आणि स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणी यांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय. त्यातलं हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही: “गटाच्या सरासरीवरून म्हाताऱ्या माणसांना घाबरवण्याचा धंदा मांडलाय तुम्ही.”

एक चूक आधीच मान्य करतो. ‘एपीओई-४ असेल तर धोका तिप्पट’ असं मी सरसकट लिहिलं होतं. एपीओई-४ हा अल्झायमरचा धोका वाढवणारा जनुकप्रकार. साधारण तिप्पट धोका असतो तो त्याची एकच प्रत असताना, म्हणजे आई किंवा वडील एकाकडूनच तो आला असताना. आईवडील दोघांकडूनही तो आला असेल तर धोका कितीतरी जास्त. दुरुस्ती केली आहे.

पण धंदा? मी लिहिलं काय होतं? अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या मॅथ्यू ग्रिली आणि सहकाऱ्यांचा २०१८चा अभ्यास. त्यातले लोक नेहमीच्या चाचण्यांत ठणठणीत होते. तरीही आयुष्यातला एखादा प्रसंग सांगताना एपीओई-४ असलेल्यांच्या सांगण्यात त्या प्रसंगाचे तपशील कमी आले: कुठे, कोण, काय दिसलं, काय वाटलं. हे तपशील मोजायची पद्धत ब्रायन लेव्हिन यांनी २००२मध्ये मांडली. माणसाचं बोलणं लिहून काढतात, त्याचे तुकडे पाडतात आणि त्याच प्रसंगाचे तुकडे वेगळे, सर्वसाधारण माहितीचे वेगळे असे मोजतात. हे निदान आहे, असं मी एका ओळीतही म्हटलेलं नाही. ‘गटात’ हा शब्द लेखात आहे. तो वाचायचे कष्ट तुम्ही घेतले नाहीत, याला माझा इलाज नाही.

आणि भीतीबद्दल मला शिकवू नका. माझ्या जन्माच्या रात्रीची गोष्ट आई नेहमी सांगायची. दिवे गेले होते, नर्सने टॉर्च दातांत धरली होती, बाहेर बाबा अनवाणी फेऱ्या मारत होते. मग ती गोष्ट आटत गेली. टॉर्च गेली, बाबांचे पाय गेले. शेवटी उरलं, “तू रात्री झालास, फार त्रास झाला.” त्याच सुमाराला डॉक्टरांनी तिला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. सगळं बरोबर आलं. निदान व्हायला पुढे चार वर्षं गेली. तिची जनुकचाचणी कधी झाली नाही, पण ती टॉर्च जाताना मी ऐकलीय. तुम्ही ऐकलीय का असं काही?

अभ्यासातला नमुना लहान, तपशील कमी येण्यामागे शिक्षण किंवा अबोल स्वभावही असू शकतो, या तुमच्या बाकीच्या मुद्द्यांत नवीन काही नाही. त्यात मी शिरत नाही.

प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. ‘धंदा’ हा शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावा.