शिष्यवृत्ती लपवा, फी दाखवा

मुलगा अमरावतीला इंजिनिअरिंगला, मुलगी नागपूरला फार्मसीला, तालुक्याला कृषी केंद्राचं दुकान आणि गावाकडे नऊ एकर कोरडवाहू, असं तुमचं घर असेल तर आयकराचं विवरणपत्र भरण्याआधी हे वाचून घ्या. सीएकडे मात्र जाऊ नका. तो आधी कागद मागतो.

सुरुवात उत्पन्नाच्या दाखल्यापासून, तहसीलपुढच्या सेतू केंद्रातून करायची. उत्पन्न ही कमावायची गोष्ट आहे अशी तुमची समजूत असेल तर ती इथं दूर होते. कीबोर्डवर बोटं ठेवून पोरगं विचारतं, "किती टाकू, भाऊ?"

"किती पाह्यजे?"

"स्कॉलरशिपले आठ लाखाच्या आत लागते. एस.सी.ची असन तं अडीचच्या आत. तुमचं काय हाये?"

"आमचं काय असते बाप्पा! सोयाबीनले येलो मोझॅक, कापसाले बोंडअळी."

एवढ्या संवादावर तुमचं वार्षिक उत्पन्न ९६ हजार ठरतं. मग तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांची डिजिटल सही आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज. त्याच आठवड्यात शैक्षणिक कर्जासाठी बँकेत जायचं, तिथं सोयाबीनवर मोझॅक नसतो. तिथं तुम्ही वर्षाला सात लाख कमावता आणि तीन वर्षांची विवरणपत्रंही दाखवता. दोन्हीकडे आधार तेच, पॅन तेच, फोटोही तोच. काळजी करू नका, सरकारी खाती एकमेकांशी बोलत नाहीत. निदान तुमच्या आजोबांच्या काळी तरी बोलत नव्हती.

आता फी. कॉलेजची पावती घ्या आणि फक्त सगळ्यात खालचा आकडा पाहा. वरच्या ओळी वाचल्या की मनस्ताप होतो. शिक्षण शुल्क, विकास शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, वसतिगृह, अनामत रक्कम. यातली फक्त पहिली ओळ १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०सी मध्ये, म्हणजे उत्पन्नातून वजा करता येणाऱ्या रकमांत, बसते. विकास शुल्क नाही, देणगी नाही, होस्टेल आणि मेस तर नाहीच. तीही पूर्णवेळ शिक्षणाची, भारतातल्या संस्थेची, आपल्या दोन अपत्यांपुरती, आणि एलआयसी, पीपीएफ सगळं धरून दीड लाखाच्या मर्यादेत. पण तुम्ही म्हणाल, मेसमध्ये न जेवता पोरगा शिकणार कसा? बरोबर आहे. पूर्ण बेरीज टाका. पुतण्याची फीही टाका, तो लहानपणापासून तुमच्याच अंगाखांद्यावर वाढला आहे. कायद्याला ही माया कळत नाही.

मुलीच्या फीत तर खरं कौशल्य आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण भरतं. म्हणजे तुम्ही दमडी दिली नाही. वजावट तर खिशातून भरलेल्या फीचीच मिळते. म्हणून तुम्ही ती पूर्ण दाखवा. सरकारनं भरलेली फी सरकारलाच दाखवून सरकारकडून सूट मागायची, याला हिंमत लागते. ती आपल्याकडे आहे. पावसाच्या भरवशावर दरसाल पेरणी करणाऱ्याला पोर्टलची काय भीती?

आणि मुलाच्या खात्यात आलेली शिष्यवृत्ती? ती कोणालाही सांगू नका. खरं तर शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मिळालेली शिष्यवृत्ती १९६१ च्या कायद्याच्या कलम १०(१६) नुसार करमुक्तच आहे, आणि अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचं उत्पन्न बापाच्या उत्पन्नात मिळवायचंही नसतं. म्हणजे जिच्यावर कर नाही आणि जी तुमची नाही अशी रक्कम तुम्ही दडवणार. बाकी जे दडवायचं असतं ते ठळक अक्षरांत दाखवून झालंच आहे. (मुलाला एखाद्या कंपनीत काम करून मिळालेला स्टायपेंड मात्र शिष्यवृत्ती नव्हे, पण त्याला तुम्ही शिष्यवृत्तीच म्हणाल, हे ठाऊक आहे.)

दुकानाचा नफा जास्त दिसू लागला तर थोडा तुरीत घाला. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं. ते पाच हजारांच्या वर गेलं की विवरणपत्राचा सोपा 'सुगम' फॉर्म चालत नाही, म्हणून ४,९०० लिहा. नऊ एकरांत ४,९००! विदर्भात यावर कोणी शंका घेणार नाही, हे दुःखाचं असलं तरी सोयीचं आहे.

आता शेवटची आणि मोलाची गोष्ट: करप्रणाली जुनीच निवडा. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०सी नाही. मग एवढी जुळवाजुळव वाया जायची. दुकानदाराला जुनी हवी असेल तर १०-आयईए नावाचा फॉर्म मुदतीत भरावा लागतो, तोही भरा. २०२५-२६ च्या सात लाखांवर नव्या प्रणालीत कर शून्य आहे. जुन्यात फीचे दीड लाख बिनबोभाट वजा झाले तरी साडेपाच लाखांवर साडेबावीस हजार कर आणि चार टक्के उपकर, एकूण २३,४०० रुपये. खोटी फी दाखवून एवढे पैसे जास्त भरणारा करदाता पकडायचा कसा, हा प्रश्न खात्यालाही पडेल.

पकडलंच तर उत्पन्न चुकीचं दाखवल्याबद्दल बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. पण नोटीस आधी तुमच्यापर्यंत पोचायला हवी ना. पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल सेतूवाल्या पोरानं स्वतःचे टाकले आहेत, ओटीपीसाठी तुम्हाला सारखं कुठं बोलवायचं म्हणून. दिवाळीनंतर ते पुण्याला कंपनीत लागलं आणि सेतू केंद्राच्या शटरवर आता 'भाड्याने देणे आहे' लिहिलंय.