घोरतोय म्हणजे झोपलाय असं नसतं

लिहू का नको, असं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी पोराच्या वडिलांनाच विचारलं. "लिहा, फक्त नाव नको," म्हणाले.

सांगलीत माझं औषधाचं दुकान आहे, 19 वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री साडेअकराला शटर अर्धं ओढलेलं होतं. ओळखीचा एक पोरगा खालून वाकून म्हणाला, "काका, ओआरएस आहे का? मित्राला जरा जास्त झालीय." मी दोन पुड्या दिल्या. वर "लिंबू पाजा आणि झोपवा" म्हणून सांगितलं. दारूच असणार असं मी धरून चाललो. काय घेतलंय, कधी घेतलंय, हाक मारली तर ओ देतोय का, यातलं एकही विचारलं नाही. सुट्टे पैसे मात्र मोजून घेतले.

सकाळी कळलं. 22 वर्षांचं पोर. झोपेच्या गोळ्या आणि त्यावर बिअर. तिघं मित्र रात्रभर त्याच खोलीत होते. तो मोठ्यानं घोरत होता, मध्येच घशातून घरघर यायची. पोरांना वाटलं, गाढ झोपलाय. पहाटे चारच्या सुमाराला घोरणं थांबलं, तेव्हा आता बरं वाटतंय बहुतेक, असं त्यांना वाटलं. हे त्यांच्यातल्याच एकानं मला सांगितलं. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

या गोळ्या आणि दारू दोन्ही मेंदूला सुस्त करतात. एकत्र आल्या की श्वास मंदावतो, जीभ मागं पडते, हवेची वाट अडते. ती घरघर झोपेची नव्हती, गुदमरण्याची होती. हे मला माहीत होतं. माझा धंदाच तो आहे.

पोलिसात अकस्मात मृत्यूची नोंद झाली, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला. गल्लीत दोन तट पडले. एक म्हणे, स्वतःच्या हातानं घेतली, कोण काय करणार. दुसरा म्हणे, त्या तिघांना आत टाका. मला दोन्ही पटत नाही.

विकणारा दोषी आहेच, त्यात माझ्या मनात तीळभर शंका नाही. ही गोळी शेड्यूल एच-वनमधली. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, आणि रुग्ण, डॉक्टर, नग हे सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहून ते तीन वर्षं जपायचं. तरीही कुठल्यातरी दुकानातून नाहीतर एजन्सीतून ती स्ट्रिप बाहेर पडली. आपल्या जिल्ह्यात तर याहून मोठं चाललेलं आपण बघितलंय. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुपवाडमध्ये एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, साठा पकडला, 2025 च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत एमडीचा कारखानाच सापडला. पण आपला 1985 चा अमली पदार्थांचा कायदा, एनडीपीएस, शिक्षा ठरवतो ती मालाच्या वजनावर. त्या मालानं कोणी मेलं का, यासाठी त्यात वेगळं कलम नाही. मग निष्काळजीपणानं मृत्यूचं कलम लावायचं, भारतीय न्याय संहितेतलं 106. तिथं वकील उभा राहून विचारतो, गोळी तोंडात कोणी टाकली?

हा प्रश्न ब्रिटनमध्येही आला. 2007 साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, सांगितलं, सज्ञान माणसानं समजून उमजून नशेचं इंजेक्शन स्वतः टोचून घेतलं तर देणाऱ्यावर मनुष्यवध लागत नाही. पण 2009 च्या दुसऱ्या खटल्यात, 16 वर्षांच्या मुलीला सावत्र बहिणीनं हेरॉइन मिळवून दिलं होतं. तिची अवस्था बिघडलेली दिसत होती, पण आपण अडकू या भीतीनं घरच्यांनी तिला बिछान्यावर झोपवलं आणि तिथंच झोपले. सकाळी मुलगी गेलेली. कोर्ट म्हणालं, धोका उभा करण्यात तुझा हात आहे आणि जीव धोक्यात आहे हे तुला दिसतंय, तर मदत बोलावणं तुझं कर्तव्य. बहिणीची शिक्षा कायम राहिली.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. साडेअकरा ते चार, साडेचार तास. माझं सगळं म्हणणं त्या साडेचार तासांबद्दल आहे.

त्या तिघांनी 108 का फिरवला नाही? "पोलीस आले असते." ही भीती खोटी नाही. दवाखान्यात अशा केसची एमएलसी, म्हणजे पोलीस केस म्हणून नोंद, होते, पोलिसांना कळवलं जातं. अमली पदार्थाची नशा करणं हाच गुन्हा, पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद. त्याच एनडीपीएस कायद्याच्या 64-ए कलमात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट आहे, पण मित्रासाठी फोन करणाऱ्याला नाही. रस्त्यावर अपघातात पडलेल्याला उचलणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळालं. खोलीत पडलेल्याला उचलणाऱ्याला का नाही? अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यानं 2007 मध्ये, कॅनडानं 2017 मध्ये असा कायदा केला: ओव्हरडोससाठी मदत मागितली तर जवळ थोडं सापडलं म्हणून तुमच्यावर खटला नाही. विकणाऱ्याला मोकळीक नाही, फोन करणाऱ्याला आहे. आपल्या आमदार-खासदारांनी हे मागितलं पाहिजे, आणि आपण त्यांच्याकडे. आधी दार उघडा, मग मदत न बोलावणाऱ्याला जाब विचारा. दार बंद ठेवून पोरांना नुसतं आत टाकलं, तर पुढच्या खोलीतली पोरं आणखी गप्प बसतील.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर एवढं करा. हलवून, हाका मारून उठत नसेल तर कुशीवर वळवा. लिंबू, ताक, मिठाचं पाणी काही पाजू नका, ते छातीत जातं. एकट्याला सोडू नका. 108 लावा. गोळीची स्ट्रिप, इंजेक्शनची बाटली, जे असेल ते बरोबर न्या आणि डॉक्टरांना खरं सांगा. जिमला जाणाऱ्या पोरांनाही सांगतो, मेफेंटरमाइन हे भूल देताना उतरलेलं बीपी वर आणायचं औषध आहे, ताकदीचं नाही. ते अंगावर आलं तर छातीत धडधडेल, डोकं फुटायला येईल. तेव्हाही वाट बघत थांबू नका, 108 लावा.

त्या पोराची आई अजून माझ्याच दुकानातून बीपीची गोळी नेते. ओआरएसच्या पुड्या मी दिल्या होत्या, हे मी तिला सांगितलंय. ती काही बोलली नाही, गोळ्या घेऊन गेली. पुढच्या महिन्यात परत आली.

आता शटर ओढलं तरी आतला दिवा चालू ठेवतो. मी वरच राहतो, बेल आहे. रात्री कधीही वाजवा. मी फक्त विचारीन काय घेतलंय, किती आणि कधी. फोन मी माझ्या नंबरवरून लावतो.