‘वॉट जितके जास्त, तितका आवाज जास्त’: होम डीजेच्या त्या फॉरवर्डला उत्तर

‘घरी डीजेचा सराव आणि छोट्या पार्ट्या करताय? स्पीकर घेण्याआधी हे वाचाच!’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या ज्याच्या त्याच्या फोनवर फिरतोय. त्यातले सल्ले थोडक्यात असे. किमान २००० वॉटचा स्पीकर घ्या, कारण वॉट जितके जास्त तितका आवाज जास्त. वूफर, म्हणजे बेस वाजवणारा मोठा कोन, १५ इंचीच हवा. ब्लूटूथवाला घ्या, म्हणजे वायरींची कटकट नको. गुणगुण आली तर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. कंट्रोलरवरचा, म्हणजे गाणी मिसळायच्या यंत्रावरचा, लाल दिवा लागेपर्यंत आवाज चढवा, त्याशिवाय स्पीकर पूर्ण ताकदीने वाजत नाही. स्पीकर कोपऱ्यात ठेवा, बेस फुकट मिळतो. आणि नवा स्पीकर शंभर तास जोरात वाजवून ‘मोकळा’ करून घ्या.

एरवी असे मेसेज मी बघून सोडून देतो. पण हा माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याने नुकताच पहिला कंट्रोलर घेतलाय. परवा त्याचा फोन आला, ‘मामा, पक्कडीने पिन काढली आणि गुणगुण खरंच गेली!’ त्याला त्याच क्षणी सगळं बंद करायला लावलं. हे सविस्तर उत्तर त्याच्यासाठी आणि तो मेसेज पुढे ढकलणाऱ्या सगळ्यांसाठी.

क्रम मोडून त्या पिनेपासूनच सुरुवात करतो. बाकीच्या सल्ल्यांनी पैसे जातील, फार तर स्पीकर जाईल. या सल्ल्याने माणूस जाऊ शकतो.

पिन काढल्यावर गुणगुण जाते, हे खरं आहे. म्हणूनच हा सल्ला इतका पसरतो. पण ती पिन तिथे का असते, ते बघा. तीन पिनांच्या केबलवर चालणाऱ्या स्पीकरमध्ये ॲम्पची (आवाजाला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरची) मागची धातूची प्लेट अर्थिंगला जोडलेली असते. आतली फेजची वायर सुटून त्या प्लेटला टेकली, तर सगळा करंट अर्थिंगकडे धावतो आणि फ्यूज उडतो. तुम्हाला कळतं ते एवढंच, की स्पीकर बंद पडला. पिन नसेल तर फ्यूज उडत नाही. स्पीकर बिनबोभाट वाजत राहतो आणि प्लेटमध्ये करंट उतरलेला असतो. तोही तिथेच थांबत नाही. ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून तो कंट्रोलरपर्यंत येतो, तिथून यूएसबी केबलने लॅपटॉपपर्यंत, आणि माइक जोडलेला असेल तर थेट माइकच्या जाळीपर्यंत. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कुणीतरी तो माइक हातात घेतो. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे स्टेजवरच गेला. अर्थिंग नीट नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता.

गुणगुणीचं कारण साधं आहे. लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटवर, स्पीकर दुसऱ्यावर, आणि दोघांची अर्थिंग ऑडिओ केबलच्या जाळीतून पुन्हा एकमेकांना भिडते. त्यातून एक बंद वळसा तयार होतो. त्यात विजेच्या लाइनची ५० किंवा ६० हर्ट्झची कंपनं शिरतात आणि ती स्पीकरमधून ऐकू येतात. दोष वळशाचा आहे, अर्थिंगचा नाही. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गुणगुण थांबली तर चोर सापडला. मग चार्जर आणि दोन्ही स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरी राहिली तर ऑडिओ केबलच्या मध्ये बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो लावा. कंट्रोलरला बॅलन्स्ड आउटपुट (वाटेत शिरलेली गुणगुण खोडून टाकणारी जोडणी) असेल तर त्याचीच केबल वापरा. विजेच्या प्लगला हात लावायची गरज यात कुठेही पडत नाही.

आता वॉट. सगळ्यात जास्त पैसे याच मुद्द्यावर वाया जातात.

वॉट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होत नाही. तो फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला ‘जरा वाढला’ असं वाटण्याइतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॉट दहापट लागतात. म्हणजे १००० ऐवजी २००० वॉटवाला घेतला, तर हाती लागतात तीन डेसिबल, तेही बाकी सगळं सारखं असेल तर.

बाकी सगळं सारखं कधीच नसतं. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. घरातल्या लहान स्पीकरची ती ८५च्या आसपास असते, पार्टीसाठी बनवलेल्या मोठ्या स्पीकरची ९५च्या घरात. या दहा डेसिबलचा अर्थ असा, की ९५वाला १०० वॉटमध्ये जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८५वाल्याला १००० वॉट लागतील, आणि तेवढे पचवण्याआधीच त्याची कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, जळालेली असेल.

मग घरी किती वॉट लागतात? याचं उत्तर मी स्वतःच्या अंदाजाने देत नाही. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी ‘नायॉश’ ही अमेरिकेची सरकारी संस्था आहे. तिने १९९८ साली कानाच्या सुरक्षिततेसाठी मर्यादा घालून दिली: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. आता हा नियम वरच्या हिशेबाशेजारी ठेवा. वॉट दुप्पट म्हणजे ३ डेसिबल, आणि ३ डेसिबल म्हणजे निम्मा वेळ. म्हणजे वॉट जितक्या वेळा दुप्पट कराल, तितक्या वेळा कानाला मिळणारा वेळ अर्धा होत जातो. ८५ सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एक मीटरवर सरासरी एक वॉटने वाजला तर आठ तास. दोन वॉटला चार तास, चार वॉटला दोन, आठ वॉटला एक, सोळाला अर्धा तास. ३२ वॉटला १०० डेसिबल होतात आणि उरतात पंधरा मिनिटं. हिशेब ढोबळ आहे, दोन स्पीकर आणि भिंती मिळून आकडा आणखी वाढवतातच. पण टेबलावर कंट्रोलर, समोर हाताच्या अंतरावर स्पीकर आणि रोज दोन तास सराव, या कामाला सरासरी चार वॉटसुद्धा मर्यादेला टेकतात. तिथे २००० वॉट घेऊन करायचं काय?

त्या मेसेजमधली अर्धी गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. सरासरी चार वॉट म्हणजे चार वॉटचा ॲम्प पुरतो, असं नाही. किक ड्रमची थाप पडते त्या क्षणी सरासरीच्या दहापट ताकद सहज लागते, आणि ती नसेल तर थाप बसकी येते. म्हणून हातचं राखून ४०-५० वॉट असावेत. यामाहाच्या एचएस५ या पाच इंची मॉनिटरमध्ये (मॉनिटर म्हणजे जवळून ऐकायचा स्टुडिओ स्पीकर) वूफरला ४५ आणि ट्विटरला, म्हणजे वरचे बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला, २५ असे मिळून ७० वॉट आहेत, आणि जगभर कित्येक जण याच्यावर घरी काम करतात. ७० वॉट, खोक्यावर मिरवायला अगदीच किरकोळ आकडा.

खोक्यावरचा आकडा कुठला आहे, हेही विचारा. ‘पीक’ म्हणजे क्षणभराची कमाल, ‘कंटिन्युअस’ किंवा ‘आरएमएस’ म्हणजे सतत देता येणारी ताकद. पीकचा आकडा सततच्या दुप्पट असणं नेहमीचं आहे, चौपटही सापडतो. ‘पीएमपीओ’ लिहिलेलं असेल तर तो आकडा वाचूच नका, त्याला कुठलंही ठरलेलं माप नाही. पॉवर्ड स्पीकरमध्ये ॲम्प आतच असल्यामुळे सेन्सिटिव्हिटी बऱ्याचदा छापलेली नसते. तिथे ‘मॅक्स एसपीएल’ बघा, म्हणजे एक मीटरवर कमाल किती डेसिबल. तो आकडा पीकचा की सततचा आणि एका स्पीकरचा की जोडीचा, तेही तपासा. कंपन्या यातही हात मारतात.

ब्लूटूथचा सल्ला डीजेला देणाऱ्याने एकदा तरी दोन गाणी मिसळून बघायला हवी होती. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज साधारण १०० ते २५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठेक्यांच्या, गाण्यात दोन ठेक्यांमधलं अंतर ५०० मिलिसेकंद असतं. म्हणजे हेडफोनमध्ये पुढचं गाणं वेळेवर आणि स्पीकरमधून चालू गाणं अर्ध्या ठेक्यापर्यंत मागे. एका कानाला हेडफोन, एक कान खोलीला, अशा स्थितीत बीट जुळवायला शिकणारा मुलगा तासन्‌तास झटेल आणि त्याला वाटेल की आपलाच कान कच्चा आहे. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. तुलनेसाठी सांगतो, वायरने जोडलेला स्पीकर एक मीटरवर ठेवला तर हवेतून आवाज यायला फक्त तीन मिलिसेकंद लागतात.

काही पार्टी स्पीकर वायर लावली तरी आतल्या प्रक्रियेमुळे उशीर करतात. घेण्याआधी तपासायची रीत सोपी आहे. एकच गाणं हेडफोनच्या क्यूवर (फक्त डीजेला ऐकू येणारा आवाज) आणि मास्टरवर (स्पीकरकडे जाणारा मुख्य आवाज) सोडा, एक कान हेडफोनला लावा, दुसरा उघडा ठेवा. थाप एकच ऐकू आली तर ठीक. ‘ध-धप’ अशी दुहेरी आली तर तो स्पीकर सरावाला नको. नुसती तयार प्लेलिस्ट लावून गप्पा मारायच्या असतील, तर मात्र ब्लूटूथने काही बिघडत नाही.

लाल दिव्याचा सल्ला तर निव्वळ उलटा आहे. कंट्रोलरचा मास्टर लाल होतो तेव्हा सिग्नलचे शेंडे कापले जात असतात. थाप फाटते, सपाट होते, आणि ही फाटकी थाप स्पीकरच्या आतला लिमिटर (आवाज हद्दीबाहेर जाऊ न देणारा भाग) दुरुस्त करू शकत नाही, कारण ती फाटूनच आलेली असते. वर सपाट झालेल्या आवाजाची सरासरी ताकद वाढते, कॉइल तापत राहतात, आणि नाजूक ट्विटर आधी जातो. मास्टर हिरव्यात ठेवा, फार तर थापेला पिवळा चमकू द्या. आवाज कमी वाटला तर स्पीकरच्या मागचं नॉब वाढवा. तेही संपलं असेल तर स्पीकर त्या जागेसाठी लहान आहे.

१५ इंचाबद्दल थोडंच बोलतो. मोठा कोन जास्त हवा ढकलतो, पण स्पीकर किती खाली उतरतो हे खोकं, त्याचं ट्यूनिंग आणि आतला फिल्टर यावरही ठरतं. स्वस्तातले १५ इंची कित्येकदा चांगल्या १० इंचीपेक्षा खाली जात नाहीत. शिवाय १५ इंच म्हणजे ३८ सेंटिमीटर, आणि १००० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३४. तिथून वर एवढा मोठा कोन आवाज समोरच्या अरुंद झोतात फेकायला लागतो. बाजूला उभ्या असलेल्यांना गाणाऱ्याचा आवाज दबका आणि बेस तेवढा घुमताना ऐकू येतो.

कोपऱ्यात बेस वाढतो हे बरोबर आहे, नाही म्हणत नाही. पण सगळा बेस सारखा वाढत नाही. खोलीच्या मापानुसार काही सूर भसाभस फुगतात आणि काही गायब होतात, त्यामुळे दोन गाण्यांचे बेस एकमेकांवर चढलेत की नाही, हे सरावात कळेनासं होतं. सरावाचे स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे, ट्विटर कानाच्या उंचीला. शंभर तास जोरात वाजवण्याने शेजारी उठतील, दुसरं काही होणार नाही. कोनची कड जी काय सैलावायची ती नेहमीच्या वापरात सैलावते.

आता भाच्याला मी काय घ्यायला सांगितलं ते. सरावासाठी पाच इंची मॉनिटरची जोडी, वायरने. सुरुवातीच्या बऱ्याच कंट्रोलरना फक्त आरसीए (लाल-पांढऱ्या गोल पिनांचं) आउटपुट असतं आणि एचएस५सारख्या मॉनिटरला आरसीएची जागाच नसते, म्हणून एका टोकाला आरसीए आणि दुसऱ्या टोकाला पाव इंची जॅक अशी केबल सोबतच घ्यायची. पार्टीला मात्र हे मॉनिटर न्यायचे नाहीत. ते जवळून ऐकायला बनवलेले असतात, आणि गर्दीत आवाज पुरेना म्हणून चढवत नेले की पहिला ट्विटर जातो. वीस-तीस माणसांसाठी १० किंवा १२ इंची एकच चांगला पॉवर्ड स्पीकर दोन टुकार स्पीकरपेक्षा बरा. एकच असेल तर मास्टर मोनोवर टाकायचा, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करायची, नाहीतर गाण्याची एक बाजू ऐकूच येत नाही. पार्टी वर्षातून एकदा-दोनदाच होणार असेल, तर मोठे स्पीकर विकत न घेता त्या दिवसापुरते भाड्याने आणावेत, आणि सोबत स्टँडही मागून घ्यावेत, म्हणजे आवाज पुढच्या रांगेच्या डोक्यांवरून मागेपर्यंत जाईल.