पिकेल ते

आमच्या ह्यांनी मे महिन्यात मुरबाडकडची एक सेंद्रिय शेती पाहिली आणि येताना पावसाळी हंगामाचे पैसे आगाऊ भरूनच आले. आम्ही राहतो डोंबिवलीत, खाली उतरलं की भाजीवाल्यांची रांग. तरी आता दर रविवारी सोसायटीच्या गेटवर आमच्या नावाची परडी येणार होती. आत काय? शेतात पिकेल ते. ही अट ह्यांना भलतीच आवडली. जपानमध्ये म्हणे १९७० च्या दशकापासून असं चालतं, त्याला 'तेइकेई' म्हणतात आणि १९७८ साली त्यांनी त्याची दहा तत्त्वंसुद्धा ठरवली. त्यातलं एक असं की शेतकऱ्याने पिकवलेलं सगळं घेणाऱ्याने निमूट घ्यायचं. भाजी निवडायची कोणी, याबद्दल दहापैकी एकाही तत्त्वात काही नाही. मी मुद्दाम विचारलं.

जूनच्या पहिल्या परडीत शेवळं ही रानभाजी आली. ह्यांनी उत्साहाने स्वतः चिरली, परतली, वर खोबरं भुरभुरवलं. सासूबाई अलिबागच्या. त्यांनी ताटाकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "काकडं घातलीस का रे?" "आई, ही काकडीची भाजी नाही." यावर सासूबाई दहीभात घेऊन बसल्या. शेवळाची खाज मारायला काकडाची आंबट फळं लागतात, हे ह्यांना दुसऱ्या घासाला घशाने सांगितलं. दुपारभर कोकमं चोखत बसले होते.

मग फोडशी. दिसायला गवत, आणि बुडाशी जिथे पाती एकमेकींना चिकटतात तिथे मुरबाड तालुक्यातली निम्मी माती. एकेक काडी सोलायची, मधली कडक दांडी काढायची, तीन पाण्यांतून धुवायची. पातेलंभर फोडशीची शिजून वाटीभर भाजी होते आणि ती वाटी घरातला कर्ता पुरुष "वा, मातीचा सुगंध!" म्हणत एकटा संपवतो. सुगंध नव्हता हो तो.

मी निवडत असताना हे समोर बसून जीवामृताची, म्हणजे शेताला घालायच्या सेंद्रिय खताची, कृती वाचून दाखवत: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. शेताला दोन किलो बेसन! आमच्याकडे भजी मागितली की ह्यांना कोलेस्टेरॉल आठवतं.

पण श्रावणात भजी करावीच लागली, कारण घोसाळी सुरू झाली. घोसाळ्याचा वेल एकदा लागला की त्याला थांबायचं माहीतच नसतं. घोसाळ्याची भजी, भरीत, डाळ घालून भाजी. शेजारच्या काकूंना दिली, त्यांनी डबा परत करताना त्यात पडवळ घालून दिलं. त्याही सभासद! आठवडाभर राहिलेली घोसाळी जून होऊन आत जाळी धरली, ती सासूबाईंनी वाळवून, सोलून न्हाणीघरात अंग घासायला टांगली. आता हंगामी आणि स्थानिक अंघोळसुद्धा होते.

टोमॅटो मात्र एकदाही आला नाही. मी ग्रुपवर नम्रपणे विचारलं तर उत्तर आलं, "ताई, एवढ्या पावसात टोमॅटो टिकवायचा तर फवारणी लागते. चालेल का?" काय बोलणार? आणि भादव्यात सलग पावसाने भेंडी कुजली, त्या रविवारी परडीत अळूची जुडी आणि एक दुधी, बस्स. हे गंभीरपणे म्हणाले, "आपण शेतकऱ्याच्या नुकसानीतही भागीदार आहोत." खरं सांगायचं तर तेवढ्यापुरतं मला ते पटलं. भेंडी बाजारासाठी लावलेली असती तर तोटा त्या एकट्या माणसाने सोसला असता. पण संध्याकाळी डब्याचा प्रश्न होताच. खाली जाऊन फ्लॉवर आणला आणि पिशवीत वर्तमानपत्राखाली लपवून वर आणला.

दसऱ्याच्या सुमाराला हिवाळी हंगामाचा फॉर्म आला. ह्यांचा आवाज एव्हाना बसला होता. "या खेपेला जरा राहू दे," असं काहीतरी पुटपुटले. मी देवाला साखर ठेवणार, इतक्यात सासूबाई आतून आल्या. त्यांनी शेतावर परस्पर फोन करून वाल, पावटा, मुळा, सगळ्याची चौकशी केली होती आणि पेन्शनमधून पैसेही भरले होते.

"शेवळांबरोबर काकडं पाठवायची, हे त्यांना वहीत लिहून घ्यायला लावलंय," त्या म्हणाल्या. "आणि वालाचं बिरडं मी करीन. सोलायला तुम्ही दोघं आहातच."