मागे ॲम्बुलन्स, पुढे मी

परवाच्या रविवारी मी छत्रपती संभाजीनगरात दहा किलोमीटरची रेस पळालो आणि कागदोपत्री अजून जालना रोडवरच कुठेतरी आहे. म्हणजे रिझल्टच्या लिंकवर माझा बिब नंबर, छातीवर लावतात तो, टाकला की नाव येतं, वय येतं, टी-शर्टची साईजसुद्धा येते, एक्स्ट्रा लार्ज, ती जगाला सांगायची काय गरज होती कोण जाणे, आणि वेळेच्या रकान्यात येतं डीएनएफ. डिड नॉट फिनिश. आयोजकांचं नाव घेत नाही. बायको म्हणते घेऊच नको, पुढच्या वर्षी परत त्यांच्याकडेच नऊशे रुपये भरायला जाशील.

पहाटेचा झुंबा, स्टेजवरची भाषणं, फुगे सोडणं हे सगळं सोडून देतो, तुम्ही बघितलेलंच असतं. गारखेड्यातून निघायचं, सेव्हन हिलच्या पुलावरून सिडको, पुढे मुकुंदवाडी, तिथून यू-टर्न आणि त्याच रस्त्याने परत. साडेसहाला सोडलं. कटऑफ एक तास पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे सव्वाआठपर्यंत रस्ता आमचा, असं त्यांच्याच पत्रकात ठळक छापलेलं. मी स्लो आहे. यात लपवण्यासारखं काही नाही, मी पत्रकातल्या कटऑफच्या आत बसेल इतकाच स्लो आहे आणि तसाच राहायचा माझा विचार आहे.

मुकुंदवाडीला वळलो तेव्हा माझ्या मागे एक आजोबा आणि नवीन लग्न झालेलं एक जोडपं होतं. आजोबांनी मला सिडकोच्या अलीकडे गाठलं, ‘चालू द्या तुमचं’ म्हणाले आणि गेले. जोडपं एका टपरीवर चहाला थांबलं ते थांबलंच. मग मागे उरली ॲम्बुलन्स. शेवटच्या रनरच्या मागे ॲम्बुलन्स असते, सेफ्टी म्हणून, आणि वाचायला ते फार बरं वाटतं. एकदा तिच्यापुढे पळून बघा. दहा फुटांवर डिझेल इंजिन फर्स्ट गिअरमध्ये गुरगुरतंय, ड्रायव्हर क्लच दाबतोय-सोडतोय आणि तुम्ही जरा कमरेवर हात ठेवला की इंजिनचा आवाज आशेने बदलतो.

ड्रायव्हर पंचविशीचा असेल. खिडकीतून कोपर बाहेर काढून गाडी माझ्या बाजूला आणली.

‘काका, बसता का?’

मी बेचाळीसचा आहे. काका!

‘नाही.’

‘मागं एसी हाय. झोपून या निवांत.’

‘अरे, रेस आहे ही.’

त्याने पुढे बघितलं, मागे आरशात बघितलं. ‘कोणासंगं?’

मी उत्तर दिलं नाही, श्वासच नव्हता. मग त्याने मला मोटिवेशन द्यायला घेतलं. तो निघाला बीडचा, आष्टी तालुक्यातला, आणि आष्टीचा माणूस भेटला की पुढे काय येणार हे मराठवाड्यात कुणालाही माहितीये. ‘आमच्या मांडव्याचा अविनाश साबळे माहीत हाय ना? शाळंला पळत जायचा. सहा किलोमीटर.’ माहितीये रे बाबा. २०२२ ला बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थचं सिल्व्हर, २०२३ ला हांगझोला एशियन गेम्सचं गोल्ड, २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगला ८ मिनिटं ९.९१ सेकंद. तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे त्यात २८ अडथळे, वर पाण्याच्या सात उड्या. कौतुक मलाही आहे, पण जिल्ह्यात एक माणूस असा निघाला की बाकीच्या सगळ्यांना ते जन्मभर ऐकावं लागतं, हे कुणी लक्षात घेत नाही. आमच्या ऑफिसात लिफ्ट बंद पडली तरी एक जण साबळेचं नाव काढतोच.

तर पावणेआठ झाले आणि बॅरिकेड उचलले. कटऑफच्या अर्धा तास आधी! मी सेव्हन हिलच्या पुलाचा चढ चढत होतो, मागे ॲम्बुलन्स, तिच्या मागे तीन रिक्षा, एक सिटी बस आणि अख्ख्या शहराच्या टू-व्हीलर. त्यातून एक ॲक्टिवा जोरात पुढे आली आणि माझ्यासमोर आडवी लागली. चालवणारे गृहस्थ साठीचे, कानाला मफलर, पुढ्यात जाधववाडीवरून आणलेली भाजीची थैली एवढी मोठी की पाय ठेवायला जागाच नाही, म्हणून दोन्ही पाय दोन बाजूंना हवेत, आणि थैलीतून मेथीच्या दोन जुड्या थेट हँडलवर आलेल्या.

‘ओ! ऐकू येत नाही का? मागं ॲम्बुलन्स हे!’

‘माहितीये.’

‘माहितीये? आणि तरी मधातून पळायले? शिकलेले दिसता तुम्ही!’

‘काका, ती माझ्यासाठीच आहे.’

त्यांनी मला बुटापासून टोपीपर्यंत बघितलं. ‘काय झालं तुम्हाला?’

‘काही नाही झालं.’

‘मग ॲम्बुलन्स कामून?’

‘झालं तर असावी म्हणून.’

यावर ते गाडी स्टँडला लावून उतरले. भर पुलावर. माझं कोपर धरून मला कठड्याला नेऊन उभं केलं आणि ट्रॅफिक पोलिसासारखा हात हलवून ॲम्बुलन्सला पुढे जायला सांगू लागले. ॲम्बुलन्स जागची हलेना. ती कशी हलणार, शेवटचा रनर मी आणि मी कठड्याला. काकांनी हात जोरजोरात हलवला. तेव्हा त्या पोराने, देव त्याचं भलं करो, गाडीतला माईक सुरू केला आणि अख्ख्या जालना रोडला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘ओ मफलरवाले, तुम्ही व्हा पुढं. आमचं पेशंट पळायलंय.’

रिक्षातल्या बायका उतरून बघायला लागल्या. बसच्या खिडकीतून एका आजीने ॲम्बुलन्सला हात जोडले. काका तरातरा ड्रायव्हरच्या खिडकीपाशी.

‘आत कोण हे?’

‘कोणीच नाही.’

‘रिकामी? मग मघाशी सायरन कामून वाजवला?’

‘काकांना जरा जोश यावा म्हणून.’

म्हणजे तो सायरन माझ्यासाठी होता, हे मलाही तेव्हाच कळलं. काका परत माझ्याकडे. आता आवाज एकदम मऊ, जसा आपण आजारी माणसाशी बोलताना काढतो. किती किलोमीटर, कशासाठी, डॉक्टरने सांगितलं का, घरच्यांना माहितीये का. मी घड्याळाकडे बघत उत्तरं देत होतो, कारण वेळ माझा चालला होता, त्यांचा नाही. शेवटी पैसे किती भरले विचारलं. नऊशे म्हटल्यावर ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘नऊशे मला द्या. रोज सकाळी मागं गाडी घेऊन येतो. हॉर्न बी वाजवतो.’ आणि मेथी सारखी करून निघून गेले.

दोन-अडीच मिनिटं गेली यात. त्या दोन-अडीच मिनिटांचं कुणाला काही वाटत नाही, पण पहिल्या येणाऱ्याला असं कोपर धरून उभं केलं असतं तर पेपरात बातमी आली असती.

पूल उतरलो तर पाण्याचं टेबल उलटं करून टेम्पोत चढवत होते. रस्ताभर कागदी ग्लास आणि केळीची सालं. एनएसएसची एक मुलगी फार वाईट वाटून म्हणाली, ‘सर, जार परत गेले.’ आता यात विनोद करावा असं मला खरंच वाटत नाही. जो पंचेचाळीस मिनिटांत येतो त्याला थंड पाणी, ओआरएस, संत्र्याच्या फोडी. जो त्याच्या दुप्पट वेळ रस्त्यावर आहे, ज्याच्या डोक्यावर ऊन आलंय, त्याला सालं. फी दोघांची सारखीच. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर असून ज्या शहरात नळाची वाट बघण्यात आठवडा जातो, तिथे ही तक्रार कुणाकडे करायची म्हणा. ड्रायव्हरने स्वतःची बाटली दिली. अर्धी होती, आणि तिला तंबाखूचा वास होता. पिली.

फिनिशला पोचलो तर कमान खाली बसत होती. हवेची कमान, तिचा पंखा बंद केलेला, एक खांब अजून ताठ आणि दुसरा जमिनीवर लोळतोय. एक तास सदतीस मिनिटं, माझ्या घड्याळात. आठ मिनिटं शिल्लक. आणि जमिनीवर दोन पोरं टायमिंगची मॅट गुंडाळत होती.

‘सर, सर, पाय नका देऊ, गुंडाळू ऱ्हायलो!’

मी म्हटलं, अरे, त्याच्यावर पाय द्यायलाच मी दहा किलोमीटर आलोय. तोवर एकाने गुंडाळी खांद्यावर घेतलीसुद्धा. मॅटवरून गेलं की वेळ नोंदवणारी चिप बिबला असते, बिब छातीला. मग मी काय केलं, तर त्या पोराला थांबवलं आणि त्याच्या खांद्यावरच्या मॅटला छाती टेकवली. दोनदा टेकवली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल बाप मुलाला भेटतोय. पोरगं बिचारं हललं नाही, मग हळूच म्हणालं, ‘सर, वायर काढलीय.’

मेडल संपले होते, कुरिअरने पाठवू म्हणाले. पोह्यांच्या पातेल्यात मिरच्या होत्या.

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकला दोरांदो पिएत्री नावाचा इटालियन मॅरेथॉनमध्ये सगळ्यात पुढे स्टेडियममध्ये आला, उलट्या बाजूला पळाला, अनेकदा पडला, शेवटी अधिकाऱ्यांनी धरून रेषेपार नेला. मदत घेतली म्हणून बाद झाला. पण दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने त्याला चांदीचा कप दिला. मला कुणी धरून पुढे नेलं नाही, उलट धरून थांबवलं, आणि तरी मी बाद.

ईमेल टाकला. उत्तर नाही. परत टाकला. बैलांच्या शर्यतींवर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी आणली तर त्यांच्यासाठी लोक वर्षानुवर्षं भांडले, २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली, २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. आणि इथे माझ्या एका ईमेलला ‘डिअर रनर’ लिहायला चार दिवस लागले. फिनिश केल्याचा फोटो किंवा व्हिडिओ पाठवा म्हणे. कमान तुम्ही पाडली, फोटोवाला नाश्त्याला गेला, व्हिडिओ मी कुठून आणू?

मग आठवलं की फिनिशला ॲम्बुलन्सच्या ड्रायव्हरच्या हातात मोबाईल होता. ॲम्बुलन्सच्या दारावरच्या नंबरवरून त्याला शोधला. व्हिडिओ होता, सेव्हन हिलपासून फिनिशपर्यंत, सगळा मागून काढलेला. म्हणजे माझी पाठ, एक्स्ट्रा लार्ज, आणि पुढे लवंडणारी कमान. तो आयोजकांना पाठवला. उत्तर या वेळी दहा मिनिटांत आलं, ‘बिब नंबर दिसत नाही.’

संध्याकाळी त्या पोराचाच फोन. ‘काका, तुमचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता. गावाकडून फोनवर फोन यायलेत, पेशंट वाचला का म्हणून.’

‘मग काय सांगितलं तू?’

‘म्हणलं, अजून पोचलं नाही.’