सही माझी होती

"जास्त बोललास तर ठाण्याला नेऊन टाकीन!" आपल्याकडे हे चेष्टेत म्हणतात, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. पुण्याकडे येरवडा, एवढाच फरक. चार वर्षांपूर्वी आमच्या घरात ती चेष्टा खरी झाली.

धाकटा भाऊ तीन रात्री झोपला नव्हता. गॅलरीच्या दाराला पाठ लावून आई बसलेली. पोलिसांना फोन केला, तर "घरचा मामला आहे, समजवा त्यांना." शेवटी शेजारच्या दोघांनी धरून त्याला गाडीत घातला. एका खासगी रुग्णालयात त्याला दाखल करायचा कागद पुढे आला आणि मी सही केली. तो "ताई, नको" म्हणत होता.

मानसिक आरोग्य सेवा कायदा मी नंतर वाचला. 2017 चा, 29 मे 2018 पासून लागू. कलम 89 नुसार रुग्णाच्या संमतीशिवाय दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ. मुदत जास्तीत जास्त 30 दिवस. पुरुष असेल तर 7 दिवसांत आणि बाई किंवा अल्पवयीन असेल तर 3 दिवसांत पुनरावलोकन मंडळाला कळवायचं. या मंडळाकडे रुग्ण स्वतः दाद मागू शकतो, आणि हे त्याला सांगणं बंधनकारक आहे. आम्हाला कुणी चकार शब्द बोललं नाही. मंडळाचा पत्ता सोडा, असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

"घरचेच सगळं करतात, मग सरकारची लुडबूड कशाला?" असं बरेच नातेवाईक म्हणतात. मला उलट वाटतं. तामिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांना ठेवायच्या एका खासगी जागेत 6 ऑगस्ट 2001 ला साखळदंडात बांधलेले 28 जण आगीत मेले. तिथे माणसांना आणून सोडणारे बहुतेक घरचेच असत, आणि त्यांत माया नव्हती असं मी तरी म्हणणार नाही. मलाही होती. पण तीन रात्रींच्या जागरणानंतर मला भाऊ बरा व्हायला हवा होता की घर शांत व्हायला हवं होतं, हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणूनच माझी सही तपासणारं कुणीतरी हवं होतं.

मंडळात जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी आणि दोन डॉक्टर असतात. उरलेल्या दोन जागा आजार भोगलेल्यांसाठी, त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी किंवा संस्थांच्या लोकांसाठी. मला त्या दोन जागांचं फार अप्रूप वाटतं. पण भिंतीवर साधा फोन नंबर नसेल तर ती माणसं आमच्यापर्यंत पोचणार कशी?

भाऊ आता बरा आहे, नोकरी करतो. पुन्हा तशी वेळ आली तर काय करायचं आणि काय नाही, याची आगाऊ सूचना त्याने कायद्याप्रमाणे लिहून ठेवलीय. प्रतिनिधी म्हणून पहिलं नाव त्याच्या मित्राचं. माझं दुसरं.