मोफत हवा, सायकल वगळून

“काका, सायकलला हवा नाही.”

पेट्रोल पंपावरचा तो पोरगा विशी-बाविशीचा असेल. ‘काका’ मी एरवी गिळून टाकतो, पण त्याच्या डोक्यावर हातभर मोठ्या अक्षरांत ‘मोफत हवा’ अशी पाटी होती.

“संपली का?”

“आहे ना. सायकलला नाही.”

झालं होतं एवढंच, की सिंहगड रस्त्यावर नांदेड फाट्याच्या पुढे मागच्या चाकात तार घुसली. ट्रकचे टायर झिजून फाटले की त्यांच्यातल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे रस्त्यावर पडतात आणि वाहनांच्या वाऱ्याने कडेला गोळा होतात. सायकलवाल्याला नेमकी तीच कड दिलेली असते. ही तार डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून फडकं फिरवायचं, ते जिथे अडकेल तिथे तार. बोट फिरवलं तर तार सापडते, पण बोटात. ती उपटली नाही तर नवा पॅच पुढच्या किलोमीटरला पुन्हा फुस्स. ते सगळं यथासांग झालं होतं. ट्यूब पॉलिश पेपरने घासली, सोल्युशन लावलं, ते वाळेपर्यंत पाचेक मिनिटं धीर धरला, पॅच दाबून बसवला. टायर चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी केला, म्हणजे टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरते आणि शेवटचे चार इंच नुसत्या अंगठ्यांनी बसतात. स्क्रूड्रायव्हर घालून टायर चढवणारे लोक बहुधा पंक्चरवाल्यांचे भागीदार असावेत.

अडलं ते हवेपाशी. खिशात मावणारा पंप पन्नास पीएसआयच्या (हे हवेच्या दाबाचं माप) आसपास असा काही अडतो, की आधी पंप वाकेल की मनगट, एवढाच प्रश्न उरतो. माझा टायर ७०० बाय ३२, म्हणजे ३२ मिलिमीटर रुंद. त्याला माझ्या वजनाला पासष्ट-सत्तर लागतात. वजनाचा आकडा विषयाला धरून नाही. चाक बारीक म्हणून हवेचा दाबही कमी लागेल अशी लोकांची समजूत असते, आणि ती बरोब्बर उलटी आहे. टायर जितका बारीक तितका दाब जास्त: २५ मिलिमीटरच्या रोड टायरला ऐंशी ते शंभर, दोन इंची जाड माउंटन टायरला तीस-चाळीस. दाब कमी ठेवून खड्ड्यात गेलात तर ट्यूब रिम आणि खड्ड्याची धार यांच्यात चेमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. सिंहगड रस्त्यावर असे साप मुबलक. म्हणून पंपावर वळलो. पितळी ॲडॅप्टर खिशात होता. सायकलीच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर तो फिरवून बसवला की पंपाचं मोटारीसाठीचं नोझल त्यावर बसतं. तयारीत काही उणं नव्हतं. पदरात पडलं ते ‘काका, सायकलला हवा नाही.’

“का पण?”

“फुटते ट्यूब. मग तुम्हीच भांडता.”

यात तथ्य नाही असं नाही. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते मोटारीच्या टायरच्या मानाने चिमूटभर. कॉम्प्रेसरचा खटका एक क्षण जास्त दाबला तर स्फोट. पण हे मशीन आकडे लावायचं होतं. पासष्ट लाव, पासष्टला थांबेल, असं मी सांगितलं. त्याने ‘सायकलवाले सगळे असंच म्हणतात’ अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात एक स्प्लेंडर आली. चालवणारा पन्नाशीचा, पांढरी टोपी, आणि गळ्यात ट्रकची भली मोठी काळी ट्यूब. मागे दहा-बारा वर्षांचा पोरगा, ट्यूबचा उरलेला भाग सांभाळत बसलेला.

“मार रे हवा.”

पंपावरच्या पोराने एका शब्दाने न विचारता नोझल ट्यूबला लावलं. ना आकडा, ना मशीन. ट्यूब फुगली, फुगली, त्या दोघांच्या मध्ये मावेना.

“बास?”

“अजून मार. भाचा जड आहे. विहिरीत पोहायला शिकवायचाय.”

मी बघत राहिलो. ना टायर, ना रिम, ना नंबर प्लेट. ज्या ट्यूबला गाडीच नाही तिला हवा, आणि मला नाही. हे मी जरा मोठ्याने म्हणालो. तेव्हा टोपीवाल्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्याने स्प्लेंडर स्टँडला लावली, भाच्याला ट्यूबच्या मधोमध उभा केला आणि सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“गिअर किती?”

“पुढं दोन, मागं आठ.”

“सोळा,” ट्यूबमधून आवाज आला.

“आमच्या गाडीला चार आहेत. गड चढते.” मग तपासणी सुरू झाली. “स्टँड?”

“नाही.”

“मडगार्ड?”

“नाही.”

“कॅरेज?”

“नाही.”

“घंटी?”

“आहे.”

“वाजवा.”

मी वाजवली. त्याने मान तिरकी करून ऐकली. “बरी आहे,” म्हणाला. सायकलीचा तेवढाच भाग पास झाला. “केवढ्याला पडली?”

या प्रश्नाला सायकलवाल्यांत ठरलेलं उत्तर असतं: खऱ्या किमतीच्या निम्मं. ते दिलं.

“फसवलं तुम्हाला,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरोखर वाईट वाटलं होतं, आणि तेच जास्त लागलं. “आमच्या आबांची ॲटलस होती. डोणज्याहून दोन कॅन दूध रोज पुण्यात. स्टँड, कॅरेज, मडगार्ड, चेनकव्हर, सगळं. हवा महिन्यातून एकदा, तीही घरच्या पंपानं.”

यावर काय बोलणार? आबांची सायकल त्या कामासाठीच घडवलेली. अठ्ठावीस इंची चाकं, दीड इंच रुंद टायर, वीस किलोच्या वर वजन, दाब कमी लागत असल्याने हवेची कुरकुर नाही. माझ्या सायकलवर दोन कॅन दूध ठेवलं तर पहिल्यांदा मागचे आरे जातील, मग दूध, मग मी. ॲटलसने साहिबाबादचा कारखाना बंद केला तो ३ जून २०२० रोजी. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा. मुहूर्त कुणी काढला कोण जाणे. हे मी त्याला सांगितलं नाही, आधीच त्याला माझ्यासाठी वाईट वाटत होतं.

“तुम्ही ह्यातली घ्या की,” ट्यूबवर थाप मारत तो म्हणाला. “चिक्कार आहे. भाच्याला थोडी कमी चालेल.”

“नाही चालत तसं.”

“घ्या हो, लाजू नका. एवढी मोठी ट्यूब, तुमची करंगळीएवढी. किती लागेल?”

मग पेट्रोल पंपावर उभं राहून मला वायूंचं शास्त्र सांगावं लागलं. हवा किती आहे हा प्रश्नच नाही. टायरचं कवच नसलेल्या ट्यूबमध्ये दाब दोन-चार पीएसआयच्या वर चढत नाही, हवा घालाल तशी ती नुसती फुगत राहते. माझ्या चाकात पन्नास. दोन्ही जोडल्या तर हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाणार. म्हणजे माझीच हवा तुमच्या भाच्याला.

तो विचारात पडला. पोरगाही नोझल हातात धरून ऐकत होता. मागे एक रिक्षावाला हवेसाठी येऊन थांबला होता, त्याने रिक्षा बंद केली.

“म्हणजे हवा मोप आहे, पण दाब नाही.”

“बरोबर.”

“म्हणजे महापालिकेच्या पाण्यासारखं. ‘पुरवठा कमी दाबाने होईल.’”

इतकं नेमकं मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. रिक्षावाल्याने तर दाद दिली. पण दाद मिळून चाकात काही चढत नाही. टोपीवाला आता माझा वकील झाला होता.

“दे की रे त्यांना.”

“मालक ओरडतात.”

“मालक कुठंय?”

“घरी.”

“मग?”

“कॅमेरा आहे.”

सगळ्यांनी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. टोपीवाल्याने डोळे बारीक केले. “साहेब, सायकल नका आणू. नुसतं चाक आणा. ह्याच्या मालकानं सायकलला नाही म्हटलंय, चाकाला कुठं?”

पोरगा घुटमळला. मग म्हणाला, “चाक चालेल. पण सायकल तिकडं, भिंतीमागं.”

मागचं चाक काढणं पुढच्यापेक्षा किचकट. आधी गिअर सगळ्यात लहान चकलीवर, म्हणजे दातेरी चक्रावर, आणायचा, म्हणजे चेन सैल पडते. मग क्विक रिलीजचा खटका उघडायचा, चेन एका चकलीवरून दुसरीवर नेणारा डिरेलर मागे ओढून धरायचा आणि चाक खाली सोडवून घ्यायचं. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा दांडा चुकूनही दाबायचा नाही, नाहीतर पॅड आतून एकमेकांना चिकटतात आणि डिस्क परत आत जात नाही. शौचालयाच्या भिंतीमागे सायकल उलटी टेकवून, हात काळे करून, चाक उराशी धरून मी कॅमेऱ्यासमोर आलो. पोराने आकडा लावला, ॲडॅप्टरवर नोझल बसवलं, आणि तीन सेकंदांत पासष्ट. एवढ्यासाठी.

“बघा, झालं की नाही,” असं म्हणत टोपीवाला भाचा आणि ट्यूब यांसकट पानशेतच्या दिशेने गेला. भला माणूस. पण भिंतीमागे गुडघ्यावर बसून चेन चकलीवर चढवताना मला त्याच्याबद्दल काही फार चांगलं वाटत नव्हतं, हे खरं. मोफत हवा ही पंपावर द्यायचीच सोय आहे, तसा तेल कंपन्यांचा दंडक आहे. त्यात ‘चाक भिंतीमागून आणल्यास’ असं कलम नसावं.

हा एका पोराचा दोष नाही. त्याच्या आधीही बरेच जण हे ठरवून बसलेत, की सायकल हे वाहन नव्हे. हॉटेलच्या दारातला शिट्टीवाला म्हणतो, “इथं गाड्या लावायच्यात.” सायकल ट्रॅकवर मात्र गाड्या लावलेल्या असतातच. शिवाय तिथे पेव्हर ब्लॉक, त्यांतले निम्मे हलणारे, मध्ये विजेचा डीपी, पुढे रसवंतीगृह, आणि दर पन्नास पावलांवर उतार नसलेली कड. त्या ट्रॅकवरून सायकल चालवायची तर उचलून न्यावी लागते. म्हणून मुख्य रस्त्याने गेलं की मागून मोटारवाला काच खाली करून ओरडतो, “ट्रॅक दिलाय ना तुम्हाला?”

त्यामुळे पुण्यातून सायकल काढायची तर ती उजाडायच्या आत. सिंहगडासाठी तर नक्कीच. रविवारी आठनंतर घाटात मोटारींची जी रांग लागते तिच्यात गिअरचा उपयोग शून्य. गोळेवाडीपासून वरचा घाट आठ-नऊ किलोमीटरचा, आणि शेवटचे तीव्र चढ दमलेल्या पायांना भेटतात. तिथे पुढची लहान चकली ३४ दातांची आणि मागची मोठी ३२ किंवा ३४ ची असेल तर गुडघे शिल्लक राहतात. मागे २५ दातांवर गड चढणारे लोक आहेत. त्यांचं वय विचारा, आणि पाच वर्षांनी पुन्हा विचारा. उतरताना ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही. वळणाच्या आधी दाबायचा, वळणात सोडायचा. रिम ब्रेक असेल तर धरून ठेवलेल्या ब्रेकने रिम तापते, आणि मग ट्यूबचं काय होतं ते वर आलंच आहे.

कात्रजचा जुना घाट चढायला सोपा, पण बोगद्यात अंधार असतो, तेव्हा मागचा लाल दिवा दिवसाही लावा. बोपदेव घाटाची लांबी कमी आहे, पण चढ थेट तोंडावर येतो. पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीसारखं सुख नाही, फक्त तिथला पाऊस चेनवरचं तेल पार धुऊन नेतो. ओल्या हवेचं घट्ट तेल वेगळं मिळतं, तेच घाला, आणि घरी आल्यावर आधी चेन पुसा, मग डोकं.

या सगळ्या रस्त्यांवर चहा, वडापाव, कणीस हवं तिथे मिळतं. हवा नाही. म्हणून पंपाच्या नादी न लागता दोन जादा ट्यूब आणि बरासा पंप बाळगा, जमिनीवर टेकवून मारायचा छोटा पंप असेल तर उत्तम. राहिला टपरीवरचा पंक्चरवाला. त्याच्याकडे हवा असते आणि माणूस मायाळू असतो, इथेच घात होतो. प्रेस्टा व्हॉल्व्हच्या टोकाचा बारीक नट आधी सैल करावा लागतो हे त्याला माहीत नसतं. तो पकडीने ते टोक वाकडं करतो आणि “वॉलच खराब आहे” असा निकाल देतो. मग टायरवर ७०० च्या जोडीला लिहिलेलं २८ वाचून आबांच्या मापाची अठ्ठावीस इंची ट्यूब काढतो. दोन्हींवर २८ असलं तरी आबांचं रिम ६३५ मिलिमीटरचं, तुमचं ६२२ चं. टायर बसणारच नाही. ट्यूब कोंबली तर कशीबशी बसते, पण तिचा जाडा व्हॉल्व्ह तुमच्या रिमच्या साडेसहा मिलिमीटरच्या भोकातून जात नाही. इथे आपण सुटलो असं वाटतं. तेवढ्यात तो शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारतो, “ए, ड्रिल मशीन दे रे जरा, साहेबांचं भोक मोठं करायचंय.”